स्वतःचं घरसफाईचं काम सुरू करताना: आधी वेळ मोजा, मग दर सांगा

घर साफ करणं सगळ्यांनाच येतं, असं आपण धरून चालतो. पण आपल्या घरी दमलो की बसता येतं, उरलेलं उद्यावर टाकता येतं. दुसऱ्याच्या घरी ठरलेल्या वेळात तेच काम दर आठवड्याला सारखंच नेटकं व्हावं लागतं. या कामात नव्याने उतरणारे बहुतेक जण दमतात ते मेहनतीने नाही, वेळेचा अंदाज चुकल्याने. म्हणून सुरुवात घड्याळापासून करा.

१. वही आणि घड्याळ

आधी स्वतःचं घर साफ करा आणि प्रत्येक खोलीला लागलेली मिनिटं लिहून ठेवा. मग ओळखीच्या दोन-तीन घरी तेच करा. एक गोष्ट लगेच ध्यानात येईल: पहिल्या खेपेला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ जातो. फरशीच्या सांध्यांतला मळ, चिमणीवरचा तेलाचा थर, नळांवरचे क्षार, सगळं साचलेलं असतं. त्यामुळे पहिल्या सफाईचा दर वेगळा, नियमित कामाचा वेगळा. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही.

२. दर कसा काढायचा

समजा, सकाळी ८ वाजता घर सोडलं आणि संध्याकाळी ५ वाजता परतलात. म्हणजे ९ तास गेले. त्यात दोन घरं मिळून ६ तासच प्रत्यक्ष काम झालं. बाकीचे ३ तास प्रवासात, दार उघडायची वाट बघण्यात आणि फडकी धुण्यात गेले. पैसे मात्र ६ तासांचेच मिळणार. दिवसाला जेवढं सुटायला हवं त्यात साहित्य आणि प्रवासाचा खर्च, कर, विमा आणि आजारपणाच्या दिवसांची तजवीज मिळवा आणि त्या बेरजेला ६ ने भागा, ९ ने नाही. शेजारचा कमी घेतो म्हणून आपणही कमी सांगायचं, ही चूक पुढे फार महागात पडते. व्यवसायाची नोंदणी आणि कराचे नियम आपापल्या भागातल्या कार्यालयातून पहिल्याच महिन्यात समजून घ्या.

३. साहित्य थोडंच, पण समजून

मायक्रोफायबरची फडकी चार रंगांत घ्या आणि रंग ठरवून टाका: संडासासाठी एक, बाथरूमसाठी दुसरा, स्वयंपाकघरासाठी तिसरा, बाकी खोल्यांसाठी चौथा. संडासाचं फडकं ओट्यावर फिरण्याचा प्रश्नच उरत नाही. ही फडकी सुती कपड्यांसोबत धुवू नका, त्यांचे तंतू चिकटतात. फॅब्रिक सॉफ्टनरही नको. त्याचा थर बसला की फडकं पाणी नीट शोषत नाही.

रसायनांचं मुख्य सूत्र सोपं आहे. तेलकट मळ अल्कधर्मी, म्हणजे साबण-सोड्यासारख्या, क्लीनरने सुटतो, क्षाराचे पांढरे डाग आम्लाने. नळाच्या बुडाशी पांढरी कडक कड दिसली तर खरवडत बसू नका. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तिच्याभोवती गुंडाळा, २० मिनिटं थांबा, मग जुन्या टूथब्रशने घासून पाण्याने धुवा. मात्र आजूबाजूला संगमरवर असेल तर हा उपाय नकोच. आम्लाने दगडाची चकाकी जाते आणि ती पुसून परत येत नाही. नवीन क्लीनर आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात वापरून बघा.

आणि हे जिवाशी गाठ असलेलं: ब्लीच आणि आम्लयुक्त टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनियाच्या मिश्रणातूनही विषारी वायू निघतो. गिऱ्हाइकाने आधी काय ओतलंय हे माहीत नसेल तर भरपूर पाणी सोडा, खिडकी उघडा, मगच हात लावा. हातमोजे रोज घाला.

४. घर बघून, लिहून

फोनवर ठाम दर सांगू नका. घर बघा, मग कोणत्या खोल्या, काय करायचं, काय नाही, साहित्य कुणाचं, ऐनवेळी काम रद्द झालं तर काय, हे चार ओळींत लिहून पाठवा. किल्ली मिळाली तर तिच्यावर नाव-पत्ता नको, फक्त खुणेचा आकडा. काही फुटलं तर गिऱ्हाईक घरी यायची वाट न बघता त्याच मिनिटाला कळवा. माझ्या हातून एकदा काचेची बरणी फुटली होती. मी लगेच फोन केला, आणि ते घर पुढे कित्येक वर्षं माझ्याकडे राहिलं.

५. कामाचा क्रम

आल्याबरोबर संडास-बाथरूममध्ये क्लीनर लावून ठेवा. तुम्ही दुसरीकडे असताना ते आपलं काम करतं. मग वरून खाली: जाळी, पंखे, कपाटं, शेवटी फरशी. कोरडं आधी, ओलं नंतर. पुसताना आतून दाराकडे या. टीव्हीच्या पडद्यावर थेट फवारा मारू नका. खाली वाकण्याऐवजी गुडघ्यावर बसा, पाठ अजून खूप वर्षं लागणार आहे.

६. पहिली गिऱ्हाइकं

ती ओळखीतूनच येतात. एका भागातली घरं एकाच दिवशी घ्या, प्रवास वाचतो. तिसऱ्या खेपेनंतर वही उघडा. तीन तासांचं ठरलेलं घर दर वेळी चार तास घेत असेल तर वही दाखवून बोला: एकतर दर वाढवू, नाहीतर एखादं काम कमी करू. हे बोलणं पहिल्याच महिन्यात करा. वर्षभर गप्प राहून मग विषय काढला तर दोघांनाही अवघड जातं.