विमानाचं अंतर काढताना या चुका टाळा

मे महिन्यात दुबई-कुवेतची मंडळी गावाला आली की आमच्या पडवीत विषय निघतोच, कुठलं शहर किती लांब. आणि दरवर्षी त्याच चुका कानावर येतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे तिकिटावरच्या वेळा वजा करून अंतर काढणं. वाडीतल्या एक काकी पहिल्यांदाच मुलाकडे दुबईला निघाल्या होत्या. मुंबईहून विमान पहाटे ४ ला सुटून ५:४० ला पोचणार. पुतण्याने तोंडी हिशेब केला, ताशी ९०० नं दीड हजार किलोमीटर. "काकी, डोळा लागतोय तोवर उतराल." काकींना मधुमेह. त्यांनी गोळी घेतली आणि खाण्याचा डबा मोठ्या बॅगेत टाकला. तिसऱ्या तासाला दरदरून घाम, हात थरथरायला लागले. शेजारच्या बाईंनी पर्समधले दोन खजूर दिले म्हणून निभावलं. अहो, तिकिटावरची वेळ त्या त्या गावची असते! दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणजे प्रवास ३ तास १० मिनिटांचा. त्यालाही ९०० नं गुणू नका, कारण धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, उतरणं सगळं त्यातच धरलेलं असतं. सरळ अंतर सुमारे १,९३० कि.मी. आहे. कुणाचंही तिकीट हातात आलं की मी पोचायची वेळ आधी आपल्या घड्याळाप्रमाणे पेन्सिलीने शेजारी लिहितो.

दुसरी चूक भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवायची. मुंबई-न्यूयॉर्क पट्टीने जोडलंत तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाते आणि ती वाट खरोखर धरली तर १४,२०० कि.मी. भरेल. पृथ्वी गोल आहे. सर्वांत जवळची वाट उत्तरेकडून, सेंट पीटर्सबर्गजवळून आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला लागून जाते, ती १२,५५० कि.मी.च्या आसपास. माझ्याकडे ३० सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल आहे. मी शिवणाचा लाल दोरा दोन्ही शहरांवर बोटांनी दाबतो आणि ताणतो. दोरा आपसूक वर सरकतो. मग पट्टीवर मोजायचा, १ सेंमी म्हणजे साधारण ४२५ कि.मी. मोबाईल दोन सेकंदांत आकडा देतो, पण वाट अशी का वळते ते दोरा ताणल्याशिवाय पोरांच्या डोक्यात शिरत नाही. घाई करणाऱ्यांना मी गोलाला हात लावू देत नाही. प्रत्यक्षात वारा आणि बंद हवाई हद्दींमुळे विमान या वाटेवरूनही हटतं.

बोटीवरच्या पोरांनी सांगितलेला मैल सागरी असतो, १.८५२ कि.मी.चा. साधा मैल १.६०९ चा.

लंडनहून येताना तास-दीड तास कमी लागतो म्हणून अंतर कमी होत नाही. वरचा पश्चिमेचा वारा पाठीवर असतो.

आणि मोजणी मुंबईपासून सुरू करू नका. रत्नागिरी ते मुंबई विमानतळ सरळ रेषेत २४० कि.मी., पण खाड्या आणि घाट वळसे घालत गाडीने साडेतीनशेच्या घरात. निघणाऱ्याला मी पहिलं हेच विचारतो, घरून गाडी किती वाजता सुटणार?