बेळगावच्या बांधकामावर पहिला महिना

दिवाळी झाली की पोरं बेळगावात उतरायला लागतात. चंदगड, आजरा, गडहिंग्लजची जास्त, काही जतकडची, काही खानापूरच्या जांबोटी भागातली. पाठीला बॅग आणि खिशात कुणीतरी दिलेला नंबर. मी १९९८ साली असाच आलो तेव्हा सतरा वर्षांचा होतो. मामाच्या ओळखीनं एका मेस्त्रीच्या हाताखाली बिगारी म्हणून लागलो. आज माझ्याकडे आठ-नऊ माणसं आहेत, त्यातली चार पंचविशीच्या आतली. नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात तोंडी जे सांगतो ते इथं लिहून काढतोय. खोलीभाडं, खानावळ, बस हे सगळं दोन दिवसांत कळतं. रेशनकार्ड गावाकडचं असलं तरी धान्य इथल्या दुकानात उचलता येतं, तेही विचारलं की समजतं. पण अंग शाबूत कसं ठेवायचं आणि बिगारीचा गवंडी कसा होतो, हे सहसा कुणी बसवून सांगत नाही.

आधी भाषेचं बोलतो, कारण माझ्या हातून पहिली चूक तिथंच झाली. शहापूर, वडगाव, अनगोळमध्ये दिवसभर मराठीवर निभतं. पण कामावर बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडची कानडी माणसं असतात, हल्ली उत्तर प्रदेश-बिहारचीही. पहिल्याच महिन्यात दुसऱ्या मजल्यावर माल चढवत होतो. वर कप्पी, खाली दोर माझ्या हातात, आणि बादली मधेच परांचीला अडकलेली. वरचा माणूस ओरडला, "बिडब्याड, बिडब्याड!" मला तोवर 'बिड' एवढंच ठाऊक होतं, म्हणजे सोड. मी दोर सोडला. 'बिडब्याड' म्हणजे सोडू नकोस. भरलेली बादली सरळ खाली आली आणि जिथं आपटली तिथं अर्ध्या मिनिटापूर्वी एक अक्का घमेलं भरत होती. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

म्हणून पहिल्या दिवशीच एवढे कानडी शब्द पाठ करा. हिडी म्हणजे धर, बिड म्हणजे सोड, बिडब्याड म्हणजे सोडू नको. निल्लु म्हणजे थांब. मेले वर, केळगे खाली. हग्ग म्हणजे दोर, एणी म्हणजे शिडी. आणि 'सरी' या शब्दापासून सावध राहा. त्याचा अर्थ 'ठीक आहे' असाही होतो आणि 'बाजूला सर' असाही. एक माणूस बाजूला हो म्हणतोय आणि दुसरा मान डोलावून तिथंच उभा, असं मी दोनदा पाहिलंय. आमच्या कामावर ओझं वर-खाली जाताना 'सरी' म्हणायचंच नाही असं ठरलंय. थांबवायचं असेल तर शिट्टी, ती कुठल्याही भाषेतल्या माणसाला कळते.

सीमेचा प्रश्न १९५६ पासूनचा आहे. तुमच्या-माझ्या घरातल्या माणसांनी त्यासाठी सोसलेलं आहे आणि ते विसरा असं मी कधीच म्हणणार नाही. पण परांचीवर तुमच्या दोराचं दुसरं टोक ज्याच्या हातात आहे त्याची भाषा शिका, आणि त्याला आपली शिकवा.

आता पायाकडे बघा. नवीन पोरगं चप्पल घालून येतं. सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबच्या साच्याच्या, फळ्यांना उलटे खिळे असतात आणि पहिल्या महिन्यातली सगळ्यात जास्त दुखापत तीच. ती किरकोळ समजून हळद लावून गप्प बसू नका, त्याच दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. स्लॅबच्या दिवशी गमबूट हवेतच. ओलं सिमेंट कातडी खातं. दुपारपर्यंत काही वाटत नाही, रात्री पाय पेटतात. माल अंगाला लागला की लगेच भरपूर पाण्यानं धुवा. हेल्मेट आयएसआय खुणेचं घ्या आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट तुमच्याआधी खाली पोचतं. फरशी किंवा ग्रॅनाइट कापताना पाणी सोडूनच कापा. तो पांढरा धुरळा फुप्फुसात बसला की परत निघत नाही.

ओझ्याचंही सांगतो. केंद्राच्या १९९८ च्या नियमांत एका पुरुषानं हातानं उचलायचं ओझं जास्तीत जास्त ५५ किलो आणि बाईनं ३० किलो धरलंय. सिमेंटची पिशवी ५० किलोची. म्हणजे बाईच्या डोक्यावर अख्खी पिशवी द्यायचीच नाही, आणि पुरुषानंही ती घेऊन दिवसभर जिना चढायचा नाही. कामावर आल्या-आल्या ताकद दाखवायला दोन-दोन पिशव्या उचलणारी पोरं मी पाहिलीत. चाळिशीत त्यांची कंबर बघा.

चरात उतरण्याआधी माती ओळखा. बेळगावच्या पश्चिमेला, खानापूरकडे, तांबडी माती आणि जांभा. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीकडे काळी. तांबडी माती उन्हाळ्यात भिंतीसारखी उभी राहते आणि माणूस फसतो. एक वळीव झाला की तीच काठ सोडते. काळीला आधी भेगा पडतात, त्या भेगा बघायला शिका. दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर दोन्ही बाजूंनी फळ्यांचा आधार दिल्याशिवाय आत पाय टाकू नका. उपसलेली माती काठापासून दीड मीटर तरी लांब टाका. एक घनमीटर ओली माती दीड टनाच्या वर भरते. कमरेपर्यंत गाडला गेलेला माणूसही ओढून निघत नाही.

करंटबद्दल थोडक्यात. वायरची उघडी टोकं काडी ठोकून प्लगात बसवलेली दिसली तर माल हलवून बसवायच्या व्हायब्रेटरला हात लावू नका. मीटरशेजारी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, आहे का ते विचारा. हा प्रश्न विचारणारा बिगारी मला फार आवडतो. गॅलरीजवळून लाइन जात असेल तर लांब सळी आडवी करून फिरवायची नाही. ती लाइन बंद करायला हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, कळवणं मालकाचं काम आहे, तुमचं नाही. कुणी चिकटलाच तर त्याला धरायला धावू नका, आधी मेन स्विच. वरून कुणी पडला तर हातपाय धरून रिक्षात कोंबू नका. मान हलू न देता आडवा ठेवा आणि १०८ ला फोन लावा.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो.

२००४ साली मी तेवीस वर्षांचा होतो. एका ठेकेदाराकडे सेंट्रिंगवर होतो. त्याला साच्याच्या प्लेटा दुसऱ्या कामावर न्यायच्या होत्या, म्हणून त्यानं सज्जाच्या बल्ल्या, म्हणजे खालचे टेकू, पाचव्या दिवशी काढायला सांगितल्या. दिवस मला तोवर पाठ झाले होते. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याचे चौदा. तुळईचे सहा मीटरपर्यंत चौदा, पुढं एकवीस. हे साध्या ओपीसी सिमेंटचे दिवस. पीपीसीला, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला, जास्त लागतात, आणि आपल्याकडे घरबांधणीत पीपीसीच जास्त. सज्जा तर एका बाजूनंच धरलेला असतो, त्याचे टेकू सगळ्यात शेवटी निघतात आणि तेही मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे. हे सगळं माहीत असून मी गप्प राहिलो. माझा दोन आठवड्यांचा पगार त्या ठेकेदाराकडे अडकला होता आणि शनिवार दोन दिवसांवर होता. चौथी बल्ली काढली आणि सज्जा मुळातून मोडून खाली आला. खाली आजऱ्याचा एक पोरगा होता, माझ्याच वयाचा, माझ्याच खोलीत राहणारा. त्याच्या उजव्या पायाचे तुकडे झाले. तो पुन्हा कधी परांचीवर चढला नाही. आज गावात त्याचं छोटं दुकान आहे. मी दरवर्षी जाऊन भेटतो. तो कधी विचारत नाही, पण मला माहीत होतं हे मी त्याला स्वतःहून सांगितलंय.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. बांधकामावरची माणसं बहुतेक वेळा अडाणीपणानं मरत नाहीत. कुणालातरी दिसलेलं असतं आणि तो बोललेला नसतो. नवा असतो, मेस्त्री ओरडेल म्हणून गप्प बसतो. म्हणून पोरांनो, दिसलं की बोला. आणि माझ्यासारख्या मेस्त्र्यांना सांगतो, पोरगं बोललं की काम थांबवा. त्याचं म्हणणं दहातल्या नऊ वेळा चुकीचं निघालं तरी थांबवा, आणि त्यावरून त्याची थट्टा होऊ देऊ नका. एकदा हसलात तर तो दहाव्या वेळी बोलणार नाही.

गेल्या साली अनगोळला एका घराचा स्लॅब होता. नारळ फुटला, मिक्सर सुरू झाला, पाचेक घनमीटर माल पडला असेल. जांबोटीकडचा एक एकोणीस वर्षांचा पोरगा खाली बल्ल्यांवर नजर ठेवायला उभा केला होता. त्याची शिट्टी वाजली. मी खाली उतरलो. कोपऱ्यातली एक बल्ली अर्ध्या विटेवर उभी होती, वीट मुरुमावर, आणि मिक्सरचं पाणी पाझरून नेमकं त्या मुरुमात जात होतं. त्यानं मला काही समजावून सांगितलं नाही. नुसतं बोट विटेखाली घातलं आणि ओला चिखल दाखवला. बल्ली बोटभर खचली होती. मिक्सर पंचवीस मिनिटं बंद राहिला. खाली रुंद फळी घातली, दोन बाजूंनी पाचरी ठोकल्या, शेजारी आणखी एक जॅक लावला. मालक चिडले, ते साहजिक आहे, त्यांचा पैसा वाळत होता. मी सगळ्यांसमोर पोराला म्हटलं, "बरं केलंस." त्या पंचवीस मिनिटांचा कुणाचाही पैसा कापला नाही.

आता रोज सकाळी परांची तपासायचं काम सगळ्यात नवीन पोराचं असतं. जुन्या माणसाच्या डोळ्याला सैल गाठ दिसायची बंद होते, रोज तीच बघून. नवा पोरगा प्रत्येक उभा बांबू हातानं हलवतो, काथ्याची प्रत्येक गाठ ओढतो, फळी दोन्ही टोकांना बांधलेली आहे का ते बघतो. काथ्या पावसात भिजून वाळला की ढिला पडतो, हे तो स्वतःच्या हातानं शिकतो. मग मी मागून एक फेरी मारतो. दहा मिनिटं जातात.

आमच्या वेळी मेस्त्री हात दाखवत नसत. माप घ्यायची वेळ आली की मला चहा आणायला पाठवायचे. ओळंबा हातात यायला मला चार वर्षं लागली. मी तसं करत नाही. पहिल्या महिन्यात पोरगं घमेलीच उचलतं, ते खरं, पण शनिवारी पगार वाटून झाला की अर्धा तास आम्ही एका भिंतीपाशी बसतो. दोरी कशी ताणायची, ओळंबा वाऱ्यात कसा स्थिर करायचा, लेव्हलच्या नळीत बुडबुडा राहिला तर माप कसं चुकतं. सज्जाची मुख्य सळी वरच्या बाजूला का असते हे मी फळीवर खडूनं काढून दाखवतो. ते ज्याला कळलं तो माल टाकताना त्या सळीवर पाय देऊन ती खाली दाबत नाही. नुसतं "पाय देऊ नको" म्हणून ओरडलं तर मी पाठ फिरवेपर्यंतच ऐकतात. शिकवण आणि सुरक्षा या मला दोन वेगळ्या गोष्टी कधी वाटल्याच नाहीत.

ज्या मेस्त्रीकडे लागाल त्याला पहिल्याच दिवशी विचारा, थापी हातात कधी देणार? उत्तर नको, त्याचं तोंड बघा. चिडला तर महिनाभर काढा आणि दुसरा शोधा. बेळगावात कामाला तोटा नाही.

कागदपत्रांचं. अठरा पूर्ण झालेली हवीत. त्याच्या आत कुणी परांचीवर चढवत असेल तर चढू नका, मी स्वतः सतराव्या वर्षी चढलो ते चुकीचंच होतं. वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलं की कर्नाटकच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करता येते. १९९६ च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर सुरू झाला, तो याच मंडळाकडे जातो. अपघात, मुलांचं शिक्षण, प्रसूती, निवृत्तिवेतन यांची मदत त्यातून मिळते. म्हणजे तो पैसा तुमचा आहे. ९० दिवसांचा दाखला लागतो, म्हणून कामाचे दिवस पहिल्या दिवसापासून वहीत लिहा, मालकाचं नाव आणि जागा घालून. हात बसला की २०२३ पासून सुरू असलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत गवंड्यांनाही प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मिळतात, तिकडेही बघा.

स्लॅबच्या आदल्या रात्री दारू नको. यावर माझ्याकडे सूट नाही.

येताना बूट आणा, नसतील तर पहिल्या पगारातून घ्या, तोवर माझ्याकडचा जुना जोड असतो. आणि एका कागदावर घरच्यांचे दोन नंबर, गावाचं नाव आणि माहीत असेल तर रक्तगट लिहून शर्टाच्या खिशात ठेवा. मोबाइल लॉक असतो, ऐनवेळी कुणाला उघडत नाही. त्या कागदाची एक प्रत मला द्या. माझ्या अवजारांच्या पेटीत, झाकणाच्या आतल्या बाजूला, सगळ्यांच्या चिकटवलेल्या आहेत.