आजींना भूल देण्याआधी

रात्रपाळीच्या नव्या डॉक्टरांना मी आधी नातेवाइकांनी आणलेली औषधांची पिशवी उघडायला लावते. मोटारसायकलने उडवलेल्या ७८ वर्षांच्या एक आजी आल्या होत्या. खुबा मोडलेला, तीन बरगड्याही. नाडी ७६, वरचा दाब ११२. मॉनिटर बघून कुणीही निर्धास्त झालं असतं. पिशवीत निघालं मेटोप्रोलॉल! ही गोळी नाडी वाढू देत नाही. आणि एरवी १६० दाब असणाऱ्या बाईचा ११२ म्हणजे आत कुठेतरी रक्त जातंय असंच धरून चाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, शेवटची कधी घेतली, तेही तिथेच विचारा. असेल तर पाठीत भुलीची सुई टोचण्याआधी दहादा विचार करा, आत रक्तस्राव होऊ शकतो.

बरगड्यांचं दुखणं अंगावर काढायला लावू नका. दुखलं की माणूस खोकत नाही, कफ साठतो, न्यूमोनिया होतो.

प्रोपोफॉल, म्हणजे झोपवणारं भुलीचं औषध, तरुणाच्या निम्म्या डोसने सुरू करा, तेही हळूहळू. म्हाताऱ्या शरीरात औषध मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो. झोप लागेना म्हणून लगेच पुढचा डोस ढकलला की दाब कोसळतो. मी तो क्षण पाहिलाय, म्हणून पुन्हा पुन्हा सांगते. दाब वाढवणारी सिरिंज भरून हाताशी ठेवा. सलाईन गरम, अंगावर पांघरूण.

मिडाझोलाम हे गुंगीचं औषध शक्यतो टाळा, नंतर भ्रम होऊ शकतो. शुद्धीवर येताना चष्मा आणि कानाचं यंत्र लावा, नावाने हाक मारा.