कलम मानकुरादचे, आंबे रायवळाचे: पावसाच्या तोंडावर सांगायचे ते

मृग तोंडावर आला आहे. आता रोपवाटिकांच्या दारात गाड्या लागतील, कलमे डिकीत आडवी पडून घरी येतील आणि पहिल्या सरीत लावलीही जातील. लावा. खत थोडे मागेपुढे झाले तर चालेल, पण सांध्याखालची, म्हणजे कलमाच्या जोडाखालून येणारी फूट तेवढी नजरेतून सोडू नका. गोव्यात कलमे मरून जितकी जातात, त्याहून जास्त अशी झाड जिवंत राहून, पण वरची जात हरवून जातात, असे माझे मत आहे.

गेल्या मे महिन्यात फोंड्याकडे एका घरी बोलावणे आले. परसात आठ वर्षांचे आंब्याचे झाड, तजेलदार, फळांनी वाकलेले. बाईंनी सुपातले आंबे पुढे केले. अंड्याएवढे, केसाळ, आंबट. "भाऊ, मानकुराद म्हणून पैसे मोजले होते. फसवले की हो आम्हाला!" मी बुंध्याशी बसून पाचोळा आणि माती हाताने बाजूला केली. चार बोटे खाली बोटाएवढा वाळका खुंटारा सापडला. त्याच्या गळ्यात कलम बांधतानाची प्लास्टिक पट्टी अजून तशीच, सालीत रुतलेली. तो मानकुराद होता, गोव्याचा नावाजलेला कलमी आंबा. कलमवाल्याने फसवले नव्हते. मानकुराद दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच मेला असणार, आणि त्याच्या बाजूने आलेल्या रायवळाच्या, म्हणजे कोयीपासून उगवणाऱ्या गावठी आंब्याच्या फुटीला बाईंनी आठ वर्षे पाणी घातले.

कलम म्हणजे एकावर एक बसवलेली दोन झाडे. खाली रायवळ कोयीचा खुंट, वर मानकुरादची काडी. पाऊस पडला की मुळे जोर धरतात आणि सांध्याखालचे डोळे जागे होतात. ही फूट सरळ वर जाते, दोन-तीन आठवड्यांत हातभर होते आणि वरच्या काडीची उपासमार सुरू होते. आपण लांबून बघतो, हिरवेगार दिसते, खूश होतो.

त्यात आपला चिऱ्याचा कातळ. खड्डा खणतो, माती भरतो, भर पावसात ती वीतभर खचते आणि कलमही तिच्याबरोबर खाली जाते. सांधा मातीत बुजला की फूट कुठून आली हे कळायला मार्ग नाही, शिवाय सांधा कुजतो तो वेगळाच. म्हणून खड्डा भरताना माती जमिनीच्या वर वीतभर उंच ठेवा आणि कलम त्या उंचवट्यावर लावा. माती खचल्यानंतरही सांधा निदान चार बोटे वर दिसला पाहिजे.

आता ओळख.

आंबा: सांध्यापाशी खोड किंचित वाकडे, गाठाळ असते आणि वरखाली सालीचा रंग बदलतो. दोन्हीकडची कोवळी पालवी एकाच वेळी आली तर तिचा रंग बहुधा वेगळा दिसतो. मी पान चुरगळून वासही घेतो. हे कुठल्या पुस्तकात नाही आणि दरवेळी जमतेही असे नाही.

काजू: इथे पानावरून काही कळत नाही, कारण खुंटही काजूचाच. फूट सांध्याच्या वरून निघाली की खालून, एवढेच बघायचे.

चिकू: सगळ्यात सोपे. खुंट खिरणीचा असतो. खिरणीचे पान जाड, टोकाला खाच पडलेले. चिकूचे पान टोकदार.

भिरंड (कोकम) आणि जायफळ: नुकसान इथे सर्वांत मोठे. दोन्हींत नर-मादी झाडे वेगळी. बियांच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, म्हणून तर मादी झाडाची काडी बांधून कलम करतात. ती काडी मेली आणि खुंट वाढला, तर सहा-सात वर्षे सांभाळल्यावर झाड नर निघू शकते. मग त्याला फळ कसले धरणार?

गुलाब: एका पानाला पाच पाती की सात, हे मोजत बसू नका, काही चांगल्या जातींनाही सात असतात. मातीलगतच्या सांध्याखालून चाबकासारखी सरळ फांदी आली की ती खुंटाची.

उपाय फुकटातला आहे. कलम लावण्याआधीच सांध्याच्या वर ऑइल पेंटचा एक ठिपका द्या. ठिपक्याखाली जे उगवेल ते मोडायचे. जून ते सप्टेंबर दर आठ दिवसांनी, नंतर महिन्यातून एकदा, तीन वर्षे. फूट कोवळी असताना अंगठ्याने खाली दाबून बुडापासून उपटा. कात्रीने छाटलीत तर बुडाशी डोळे राहतात आणि एकाच्या तीन फुटी येतात. फूट पेन्सिलीएवढी जाड झाली असेल तर धारदार चाकूने खोडालगत कापा आणि वर बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा: मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या पाण्यात वेगवेगळे, प्लास्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करा. लोखंडी खिळा बुडवून बघा. तांबूस झाला तर चुना कमी पडला, आणखी घाला. त्याच दिवशी वापरा.

प्लास्टिकची पट्टी सांधा पक्का जुळल्यावर ब्लेडने उभी चिरून काढा. राहिली तर सांध्याला फास बसतो आणि वाऱ्यात काडी तिथेच मोडते.

कलम रुसले की दुकानदार टॉनिकची बाटली पुढे करतो, सोबत ह्युमिकची पुडी. आधी घरी जाऊन सांध्याखाली बघा. खाली फूट असेल तर ते टॉनिक खुंटच पिणार, आणि बिल तुमच्या नावावर.

बाकी नेहमीचे:
आंबा: खड्डा १ मीटर लांब-रुंद-खोल, अंतर १० मीटर; शेणखत ४-५ घमेली, सिंगल सुपर फॉस्फेट २ ते २.५ किलो.
काजू: खड्डा ६० सेंमी, अंतर ७ ते ८ मीटर.
काठीचा आधार, सैल बांधणी.
पाणी साचू न देणे.
काजूचा मोहोर पहिली दोन वर्षे खुडणे.
गुरांपासून कुंपण.

उशीर झालाच असेल, वरची काडी मेली असेल आणि खुंट जोमात असेल, तर उपटू नका. मुळे तयार आहेत, ती परत मिळायची नाहीत. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्याच फुटीवर जागेवर कलम बांधता येते. काडी तीन-चार महिन्यांची घ्या आणि आठ-दहा दिवस आधी तिची पाने छाटून ठेवा. हात बसलेला नसेल तर तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत विचारा.

फोंड्याच्या बाईंनी मात्र झाडाला हात लावू दिला नाही. सांसवाला (मोहरी घातलेल्या आंब्याच्या कालवणाला) घोटां, म्हणजे हे छोटे रायवळ आंबे लागतातच, म्हणाल्या. नवे कलम पलीकडे लावणार आहेत. खड्डा भरून तयार आहे, रंगाची डबी मी काल पाठवून दिली.