ओपन सोर्समधून कमाई करायची असेल तर परवाना कसा निवडावा

आपला कोड गिटहबवर (कोड ठेवण्या-वाटण्याच्या संकेतस्थळावर) सर्वांसाठी खुला टाकताना बरेच जण एमआयटी हा जवळजवळ अटीच नसलेला परवाना निवडून मोकळे होतात. त्यावर पोट भरायचं असेल तर आधी एकच ठरवा: पैसे नक्की कोण देणार, आणि कशाचे?

सॉफ्टवेअर बसवून देणं, देखभाल, प्रशिक्षण यांचे पैसे घेणार असाल तर एमआयटी किंवा अपाची २.० बिनधास्त घ्या. कोणीही तुमचा कोड आपल्या बंदिस्त उत्पादनात वापरू शकतो, त्यामुळे प्रसार झपाट्याने होतो. अपाचीत कोडशी संबंधित पेटंट वापरण्याची परवानगीही स्पष्ट लिहिलेली आहे.

कोडच विकायचा असेल तर जीपीएलचा विचार करा. जीपीएल म्हणजे फुकट, हा गैरसमज डोक्यातून काढा. संकेतस्थळं बनवायचं वर्डप्रेस जीपीएलवर आहे आणि त्याचे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) रोज विकले जातात. अट इतकीच, की प्रत देताना सोर्स कोड आणि तेच हक्कही द्यायचे. ज्या कंपनीला स्वतःचा कोड उघड करायचा नाही, तिला वेगळा सशुल्क परवाना विका. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या कंपनीने याच दुहेरी पद्धतीवर धंदा उभा केला. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी सुमारे १ अब्ज डॉलरना घेतली.

मात्र सॉफ्टवेअर सर्व्हरवर चालवून नुसती सेवा विकली, तर जीपीएलची अट लागूच होत नाही. तिथे एजीपीएल हा जीपीएलचाच कडक प्रकार लागतो: बदललेला कोड सेवा वापरणाऱ्यांना द्यावा लागतो. तरीही सेवा विकायला तो कोणाला अडवत नाही.

आता सर्वात महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच राहून जाते. बाहेरच्या माणसाचा पहिला पॅच (त्याने कोडमध्ये सुचवलेला बदल) घेण्याआधी त्याच्याकडून लेखी करार घ्या. त्याने लिहिलेल्या ओळींचा कॉपीराइट त्याचाच असतो. त्याच्या संमतीशिवाय त्या सशुल्क परवान्याखाली विकता येत नाहीत.

'परवाना पुढे बदलू' यावर विसंबू नका. रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये बीएसडी हा एमआयटीसारखाच मोकळा परवाना सोडून निर्बंध असलेले परवाने लावले. जुनी आवृत्ती बीएसडीखालीच होती. काही दिवसांतच तिच्यावरून लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली वाल्की नावाचं स्वतंत्र सॉफ्टवेअर उभं राहिलं, ॲमेझॉन आणि गूगलच्या पाठबळासह. २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएलचा पर्याय दिला, पण वाल्की आजही वेगळंच आहे.

शेवटी, वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीचा (आत जोडलेल्या तयार कोडचा) परवाना तपासा. दुसऱ्याची एखादी जीपीएल लायब्ररी आत असेल, तर सशुल्क बंदिस्त परवाना विकण्याआधी ती काढून दुसरी वापरावी लागेल, नाहीतर तिच्या मालकाकडून वेगळा परवाना घ्यावा लागेल.