जुगाराचे व्यसन घरच्यांनी कसे ओळखावे आणि मदत कुठे मागावी

घरातले माणूस जुगारात किती बुडाले आहे, हे कुटुंबाला बहुधा वसुलीचे फोन येऊ लागल्यावरच कळते. या व्यसनाला दारूसारखा वास नसतो आणि झोकांड्याही जात नाहीत. म्हणून लक्ष ठेवायचे ते पैशांवर आणि लपवाछपवीवर. पगार जमा होताच खाते रिकामे होणे, भिशीचे किंवा फीचे पैसे ‘कुठेतरी अडकणे’, न विचारता दागिने गहाण पडणे, पतपेढी, मित्र आणि मोबाइलवरील कर्जाची अ‍ॅप अशा सर्व ठिकाणी एकाच वेळी उधारी होणे, ही चिन्हे मटक्याच्या आकड्यालाही लागू पडतात आणि क्रिकेटच्या सट्ट्याला किंवा ऑनलाइन रमीलाही. सर्वांत ठळक खूण म्हणजे हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे. ‘एकदा वसूल झाले की सोडतो’ हे वाक्य वारंवार ऐकू येत असेल, तर ते आजाराचे लक्षण समजावे.

प्राथमिक चाचणीसाठी दोन प्रश्न पुरेसे ठरतात: अधिकाधिक रक्कम लावावीशी वाटते का, आणि जुगाराविषयी जवळच्या माणसांशी खोटे बोलावे लागले आहे का? एकाचेही उत्तर ‘होय’ असल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. त्यांच्याकडील डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या २०१३ च्या निकषांत नऊ लक्षणे आहेत आणि वर्षभरात त्यांपैकी चार दिसल्यास निदान होऊ शकते. पार्किन्सन म्हणजे कंपवातावरील प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही औषधे सुरू झाल्यानंतर एखाद्याला जुगाराची ओढ लागली असेल, तर ते डॉक्टरांना लगेच सांगावे, मात्र औषध परस्पर बंद करू नये.

बोलणे काढायचे ते भांडणाच्या भरात नव्हे, तर शांत वेळ पाहून. आधी सर्व देणी, अगदी लाजेने दडवलेलीसुद्धा, एका कागदावर लिहून घ्यावीत. यापुढची पायरी सर्वांत अवघड असते, कारण आईवडिलांना शेत विकून किंवा ठेव मोडून एकदाचे कर्ज फेडून टाकावेसे वाटते. असे करू नये, हे मी आग्रहाने सांगतो. उपचार सुरू नसताना फेडलेले कर्ज पुढच्या डावाची वाट मोकळी करते. त्याऐवजी व्यक्तीच्या संमतीने पगाराचे खाते, एटीएम कार्ड आणि यूपीआय काही काळ विश्वासू नातेवाइकाकडे द्यावे, खेळाची आणि कर्जाची अ‍ॅप काढून टाकावीत आणि देणी ज्याची त्याला थेट हप्त्याने द्यावीत. पैजेच्या पैशांसाठी न्यायालयात दावा चालत नाही, असे भारतीय करार कायद्याचे कलम ३० सांगते. तसेच विनापरवाना सावकार धमकावत असेल, तर महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली तक्रार करता येते.

उपचाराचा मुख्य भाग समुपदेशनाचा असतो. विचार आणि वर्तन बदलणाऱ्या पद्धतीने खेळण्याची ऊर्मी कधी आणि कशाने उसळते हे ओळखायला शिकवतात, आणि सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्यावरही उपचार करतात. सुरुवात जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागातून करता येते. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ऑनलाइन खेळांसारख्या तंत्रज्ञानाच्या व्यसनांसाठी २०१४ पासून स्वतंत्र चिकित्सालय आहे. उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिला आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा २०२५ चा कायदाही असे खेळ चालवणाऱ्यांना आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांना शिक्षा करतो, खेळणाऱ्याला नव्हे. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने ऑनलाइन खेळाविषयी डॉक्टरांपासून काही लपवू नये.

कर्जाचा बोभाटा झाल्यानंतरचे दिवस जिवाच्या दृष्टीने धोक्याचे असतात. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे स्पष्ट विचारावे; विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर होकारार्थी असेल, तर त्या व्यक्तीला एकटे न सोडता रुग्णालयात न्यावे. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. व्यसनी व्यक्ती उपचाराला तयार नसेल, तरी पत्नी, पती किंवा आईवडील यांनी स्वतःसाठी हा फोन जरूर करावा.