वृषभ राशीतल्या थंड धुळीचा नकाशा स्वतः कसा बनवायचा

कृत्तिका आणि रोहिणी ज्या भागात दिसतात तिथेच, साधारण १४० पार्सेकवर (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं), तारे जन्माला घालणारा एक मोठा ढग आहे आणि त्यातला बी२१३ नावाचा लांबलचक धागा पहिल्या नकाशासाठी एकदम बेस्ट. ढग असतो हायड्रोजनच्या रेणूंचा, पण इतक्या थंडीत हा रेणू जवळपास गप्पच असतो, म्हणून त्यात मिसळलेली वजनाने जेमतेम १ टक्का धूळ मोजायची आणि त्यावरून गॅस किती ते काढायचा.

डेटा हर्शेल दुर्बिणीचा घ्या (२००९ ते २०१३), फुकट मिळतो. १६०, २५०, ३५० आणि ५०० मायक्रॉन असे चार बँड लागतील. ७० सोडून द्या, तिथे गरम बारीक कणांचा उजेड घुसतो. २५० ते ५०० साठी पसरलेल्या स्रोतांसाठीच्या, म्हणजे नाव एक्स्टडीने (extd) सुरू होणाऱ्या फाईल्स उचला, त्यांची शून्य पातळी, म्हणजे उजेड कुठून मोजायचा तो पाया, प्लँक उपग्रहाच्या मोजमापांवरून आधीच लावलेली असते. १६० ची मात्र प्लँकशी जुळवून स्वतः लावावी लागते, आणि तिचं युनिट जान्स्की (उजेडाचं एकक) पर पिक्सेल असतं ते बाकीच्यांसारखं मेगाजान्स्की पर स्टेरेडियन करून घ्या. हे टाळलं तर ढगाच्या कडेचं तापमान साफ चुकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सगळे नकाशे सारखेच धूसर करणं. ५०० चा बीम, म्हणजे बिंदूसारखा तारा नकाशात जेवढा पसरून दिसतो ती रुंदी, ३६.३ आर्कसेकंद, २५० चा १८.२, म्हणजे वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ काढलं की २५० चा नकाशा ५०० इतका धूसर करायला ३१.४ चा कर्नल (धूसर करणारा ठिपका) लागतो. पायथॉनच्या अ‍ॅस्ट्रोपायमध्ये हा आकडा थेट टाकू नका, तिथे अर्ध्या उंचीवरच्या रुंदीऐवजी सिग्मा (प्रमाण विचलन) मागतात आणि तोही पिक्सेलमध्ये, म्हणून २.३५५ ने भागा, १३.३ आले, पिक्सेल ६ आर्कसेकंदाचा असेल तर २.२. मी ३१.४ तसाच टाकला होता, धागाच गायब झाला आणि मी आठवडाभर फिटिंगमध्ये चूक शोधत बसलो.

मग सगळे ५०० च्या ग्रिडवर आणा आणि प्रत्येक पिक्सेलला सुधारित कृष्णवस्तूचं सूत्र, म्हणजे अमुक तापमानाची धूळ कुठल्या बँडमध्ये किती चमकेल ते सांगणारं सूत्र, फिट करा. बीटा, म्हणजे धुळीची अपारदर्शकता वारंवारतेप्रमाणे किती झपाट्याने बदलते तो घातांक, २ वर बांधून ठेवा, चार बिंदूंवर तापमान आणि बीटा दोन्ही मोकळे सोडले की ते एकमेकांची भरपाई करत बसतात. अपारदर्शकता १००० गिगाहर्ट्झला ०.१ चौ. सेंमी प्रति ग्रॅम घ्या, यात गॅसचं वजन आधीच धरलेलं आहे, त्यामुळे परत १०० ने गुणू नका. दर चौ. सेंमीला जो वस्तुमानाचा आकडा येईल त्याला हायड्रोजन अणूच्या वस्तुमानाच्या २.८ पटीने भागलं की स्तंभघनता, म्हणजे आपल्या नजरेच्या रेषेत दर चौ. सेंमीमागे हायड्रोजनचे किती रेणू आहेत ते, मिळते.

नकाशा बरोबर आला असेल तर धागा घनतेत उजळ आणि तापमानात काळा दिसतो, कारण आतपर्यंत ताऱ्यांचा उजेड पोचतच नाही. दाट गाभ्यांचे आकडे थोडे कमीच येतात हे धरून चला, बाहेरची उबदार धूळ जास्त चमकते आणि तापमान वर खेचते. शेवटी धाग्याला आडवा छेद घेऊन रुंदी बघा, ०.१ पार्सेकच्या आसपास यायला हवी, या अंतरावर ती १४७ आर्कसेकंद, म्हणजे चार बीम.